उताराच्या रानात छोटा ट्रॅक्टर: मुरूम ओढताना आणि खड्डे काढताना

पाटण तालुक्यात मोरणेच्या खोऱ्यात खाली भाताची खाचरं आणि वर डोंगराच्या अंगाला नाचणी-वरीच्या पट्ट्या अशी रानांची मांडणी आहे. वरच्या पट्ट्यांवर शेणखत डोक्यावरून जातं, म्हणून कमीच जातं. अशाच एका पट्टीवर आम्हाला काजू आणि आंबा लावायचा होता. त्यासाठी पाणंदीपासून वरपर्यंत वाट काढली, तिच्यावर मुरूम टाकला, ढासळलेल्या तालीसाठी दगड वर नेले आणि शेवटी खड्डे काढले. सगळं काम २७ एचपीच्या फोरव्हील, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणाऱ्या, छोट्या ट्रॅक्टरवर झालं. पुढं लोडरची बकेट, मागं कधी दोन चाकांची डंपिंग ट्रॉली, कधी खड्डे काढायचं यंत्र. १८ ते २८ एचपीचे असे ट्रॅक्टर आता शिराळ्यापासून जावळीपर्यंत बरेच दिसतात, पण चालवायची रीत मात्र सपाट रानातलीच राहिली आहे. म्हणून हे काम कोणत्या क्रमानं केलं, वजनं किती धरली आणि कुठं काय बिघडतं ते सविस्तर लिहितो.

उतारावर इंजिनाची ताकद कधी कमी पडत नाही. लो रेंजला, म्हणजे सगळ्यात मंद गिअरांच्या गटात, टाकला की हा ट्रॅक्टर भिंतीलाही रेटेल. प्रश्न असतो वजन कुठं आहे याचा: किती उंचावर, कोणत्या चाकांवर, उताराच्या वरच्या अंगाला की खालच्या. पुढचं सगळं यातूनच येतं.

पहिलं काम उतार मोजण्याचं. नजरेनं उतार नेहमी कमीच वाटतो, आणि बसून पाहिलं तर आणखी कमी. गवंड्याकडची बरोबर एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, तिच्यावर स्पिरिट लेव्हल ठेवा. पट्टीचं एक टोक वरच्या अंगाला जमिनीला टेकवून पट्टी लेव्हलला आणा आणि दुसऱ्या टोकाखाली जमिनीपर्यंत किती सेंटिमीटर अंतर उरलं ते मोजा. जेवढे सेंटिमीटर तेवढे टक्के उतार. १८ सेंटिमीटर म्हणजे १० अंश, २७ म्हणजे १५ अंश, ३६ म्हणजे २० अंश. दर दहा पावलांवर मोजलं आणि चुन्याच्या फक्कीनं हद्दी मारल्या. १५ टक्क्यांपर्यंत ट्रॉली. १८ टक्क्यांपर्यंत आडवं चालणं, तेही बकेट रिकामी आणि खाली ठेवून. २७ टक्क्यांपर्यंत ट्रॉलीशिवाय, फक्त सरळ वर किंवा सरळ खाली. त्याच्या वर ट्रॅक्टर नाही. या हद्दी कोणत्या पुस्तकातल्या नाहीत, आमच्या मशिनच्या वजनावरून आणि मातीवरून ठरवलेल्या आहेत. तुमचा ट्रॅक्टर दोन चाकांच्या ड्राइव्हचा असेल तर त्या आणखी खाली आणाव्या लागतील.

आडव्या चालीला आम्ही इतके का घाबरतो, याचा हिशोब सोपा आहे. मागच्या दोन चाकांच्या मध्यातलं अंतर ९५ सेंटिमीटर आणि ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर धरला, तर उभा ट्रॅक्टर कागदावर ३८ अंशाला कलंडतो. ऐकायला भरपूर वाटतं. आता लोडरच्या बकेटमध्ये २५० किलो मुरूम घेऊन ती दोन मीटर उंच उचला. हजार किलोच्या ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य ८८ सेंटिमीटरवर जातो आणि तोच आकडा २८ अंशांवर येतो. त्यात वरच्या अंगाचं मागचं चाक १० सेंटिमीटरच्या दगडावर चढलं तर सहा अंश वाढले. खालच्या अंगाचं चाक त्याच वेळी तेवढ्याच खड्ड्यात गेलं तर आणखी सहा. म्हणजे पट्टीनं १२ अंश दाखवलेला उतार ट्रॅक्टरसाठी २४ अंशांचा झाला, आणि हाताशी उरले चारच अंश.

ते चारही खरे नाहीत. ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मध्यात एका पिनवर डोलतो. त्यामुळं पुढची चाकं खाचखळग्यांतून वर-खाली होतात, पण डोलण्याची हद्द संपेपर्यंत ती ट्रॅक्टरला कलंडण्यापासून अडवत नाहीत. ट्रॅक्टर चार पायांवर उभा दिसतो, प्रत्यक्षात तो तीन टेकूंवर असतो: दोन मागची चाकं आणि पुढची पिन. या त्रिकोणाचं निमुळतं टोक पुढं आहे. भरलेली बकेट वजन वर नेते तसंच पुढं, या निमुळत्या टोकाकडेही नेते. उतारावर भरलेली बकेट उचलून वळणं हे म्हणूनच या मशिनवरचं सगळ्यात धोक्याचं काम आहे. बकेट भरली की जमिनीपासून वीतभर उंचीवर धरायची, आणि रिकामी करताना ट्रॅक्टर सपाट जागी सरळ उभा करून मगच उचलायची.

कामाला लागण्याआधी मशिनमध्ये तीन बदल केले. मागच्या रिमा उलट्या बसवून चाकांतलं अंतर ९५ चं ११५ सेंटिमीटर केलं. त्यानं कलंडायचा कागदी कोन ३८ चा ४४ अंशांच्या जवळ जातो. मागच्या टायरांत पाणी भरलं. व्हॉल्व्ह सर्वांत वर येईल असं चाक फिरवून व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी घ्यायचं, म्हणजे टायर पाऊण भरतो. या मापाच्या टायरात साधारण ५० लिटर बसतं, म्हणजे दोन्ही मिळून शंभर किलो वजन अगदी खालच्या पातळीला आलं. आपल्याकडं पाणी गोठत नाही, त्यामुळं त्यात काही मिसळावं लागत नाही. आणि लोडर लावून काम करायचं तेव्हा मागं थ्री-पॉइंटला (अवजार अडकवायच्या तीन दांड्यांना) दीडशे-दोनशे किलोचा काँक्रीटचा ठोकळा, तोही जमिनीलगत. हा ठोकळा नसेल तर बकेट भरताच मागची चाकं हलकी होतात, आणि ब्रेक मागच्याच चाकांना असतात. टायरची हवा रोज पाहायची. खालच्या अंगाच्या टायरात हवा कमी असली की ट्रॅक्टर आधीच त्या बाजूला झुकलेला असतो.

रोल बार (सीटमागची लोखंडी कमान) आणि सीटचा पट्टा याबद्दल आमचं मत ठाम आहे. स्वीडननं १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरना रोल बार सक्तीचा केला, आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू त्या देशात हळूहळू जवळजवळ थांबले. आपल्याकडं छोट्या ट्रॅक्टरचा रोल बार आंब्याच्या, द्राक्षाच्या फांद्यांत अडकतो म्हणून दुमडून ठेवतात आणि तसाच डोंगरावर नेतात. उतारावर तो उभा असलाच पाहिजे, पिना घातलेल्या, आणि तेव्हा पट्टाही बांधलेलाच हवा. उलटताना माणूस बाहेर उडी मारेल ही समजूत खोटी आहे. पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागं पडायला लागला की परतीची हद्द पाऊण सेकंदात ओलांडली जाते. तेवढ्यात पाय क्लचवरही पोचत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: रोल बार दुमडलेला किंवा काढलेला असेल तर पट्टा बांधायचा नाही. आणि मडगार्डवर कुणालाही बसू द्यायचं नाही. रोल बार फक्त सीटवरच्या माणसासाठी आहे. शेतावरून परतताना मडगार्डवर पोरं बसवायची सवय आपल्या गावागावांत आहे, ती उतारावर तरी आजच मोडा.

वाट काढताना उतार आठास एक धरला, म्हणजे साडेबारा टक्के. आठ मीटर उंची गाठायला ६४ मीटर लांबी लागते, म्हणून सरळ न नेता नागमोडी नेली. आखणी ए-फ्रेमनं, म्हणजे ओळंबा लावलेल्या A आकाराच्या चौकटीनं केली, पाणलोटाच्या कामात वापरतात तसलीच. रुंदी आठ फूट. प्रत्येक वळणावर सात मीटर लांब-रुंद सपाट जागा ठेवली, कारण ट्रॉलीसकट ट्रॅक्टर उतारावर वळवायचाच नाही, वळण सपाटीतच व्हायला हवं.

वाट कापून काढतात आणि निघालेली माती बाहेरच्या अंगाला टाकून रुंदी वाढवतात, ही नेहमीची पद्धत. तीच घातक आहे. बाहेरचा भराव सैल असतो, वरून सारखाच दिसतो आणि चाकाखाली गेल्यावर खचतो. आम्ही दोन्ही चाकं कापलेल्या मूळ जमिनीवर बसतील इतकी वाट आत कापली. भराव पावसाळा खाऊन बसेपर्यंत त्याच्यावर चाक न्यायचं नाही म्हणून कडेला खुंट्या ठोकून सुतळी बांधली. वाटेचा आडवा ढाळ आतल्या, डोंगराच्या बाजूला, मीटरला चार-पाच सेंटिमीटर. त्यानं ट्रॅक्टर डोंगराकडं झुकतो आणि पाणी आतल्या चरात जातं. दर पंधरा-वीस मीटरवर तिरका आडवा चर काढून पाणी बाहेर सोडलं, आणि ते जिथं पडतं तिथं दगड पसरले.

लोडरची बकेट म्हणजे पोकलेन नव्हे. घट्ट मुरमात ती नुसती घासत जाते, पुढची चाकं उचलली जातात, आणि मग ड्रायव्हर वेग घेऊन धडक मारायला लागतो. त्यात लोडरचे हात वाकतात आणि पुढच्या ॲक्सलचे सील जातात. आधी मागं फाळाचा कल्टिव्हेटर किंवा एक दाती सबसॉयलर लावून सरळ वरून खाली ओढत मुरूम उकलून घ्यायचा, मग बकेटनं भरायचा. सुरुवात एका सपाट तुकड्यापासून करायची. तो आधी हातानं, टिकाव-फावड्यानं काढावा लागला तरी चालेल. ट्रॅक्टर त्या सपाटीवर उभा राहून समोरच्या कडेत घुसतो, भरतो, सरळ मागं येतो. असा सपाट तुकडाच पुढं पुढं वाढवत न्यायचा.

समोरची कड बॉनेटच्या वर गेली की थांबायचं. खालून पोखरलेली कड न सांगता सुटते आणि अर्धा घनमीटर मुरूमही पाऊण टनाचा असतो. मुरमाच्या कडेला एकास एक, म्हणजे ४५ अंशांचा ढाळ द्यायचा. तांबड्या मातीला त्याहून सपाट, उंचीच्या दीडपट आडवं. खाली काळा कातळ लागला तर या ट्रॅक्टरचं काम संपलं, ब्रेकर बोलवायचा किंवा वाट वळवायची. आणि डोंगराचा पायथा पावसाच्या तोंडावर कापायचा नाही. जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यात आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून घरंच्या घरं गेली. ती अतिवृष्टी मोठी होती. आपली वाट छोटी असली तरी ओल्या डोंगराच्या पायाशी केलेला काप हा त्याला दिलेला धक्काच असतो. कापकाम दिवाळीनंतर सुरू करून मार्चअखेर संपवायचं, म्हणजे चर आणि ढाळ नीट करायला एप्रिल-मे उरतो.

आता ट्रॉली. आपल्याकडं मुरूम ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. सुटा मुरूम घनमीटरला साधारण १६०० किलो धरला तर ब्रास साडेचार टनांचा होतो. छोट्या ट्रॅक्टरमागं रस्त्यावर पाव ब्रास ओढलेला सगळ्यांनी पाहिला आहे. तो अकराशे-साडेअकराशे किलो, त्यात ट्रॉलीचं स्वतःचं पाचशे-साडेपाचशे, म्हणजे साधारण सतराशे किलो. लोडर आणि पाण्यासकट आमचा ट्रॅक्टर अकराशेचा.

१५ टक्के उतारावर अकराशे किलोचा ट्रॅक्टर स्वतःच १६५ किलोच्या जोरानं खाली ओढला जातो. भरलेली ट्रॉलीही अकराशेची असेल तर ती आणखी १६५ नं ढकलते. एकूण ३३०. सुक्या, सुट्या मुरमावर टायरची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. मागच्या चाकांवर सहाशे किलो असतील तर पकड २४० किलोची. ब्रेक कितीही चांगले असले तरी चाकं थांबतील आणि ट्रॅक्टर घसरत जाईल. फोरव्हीलचा लिव्हर टाकलेला असेल तर पुढची चाकं शाफ्टनं मागच्यांशी जोडलेली असतात, म्हणजे मागच्या ब्रेकचा जोर त्यांच्यापर्यंतही पोचतो. मग पकड सगळ्या अकराशे किलोची, ४४० मिळते आणि ट्रॅक्टर थांबतो. तीच ट्रॉली पाव ब्रासनं भरली तर खाली ओढणारा जोर ४२० होतो, म्हणजे एका ओल्या पट्ट्याचा अवकाश. आणि तांबडी माती भिजली की पकड वीस टक्क्यांवर येते, तेव्हा फोरव्हील लावूनही २२० च मिळतात. म्हणून तीन गोष्टी ठरल्या. फोरव्हील चढासाठी असतो तसाच, खरं तर जास्त, उतारासाठी असतो. वाटेवर ट्रॉलीत ब्रासचा आठवा हिस्साच भरायचा. ओल्यावर ट्रॉली न्यायचीच नाही.

ब्रासचा आठवा हिस्सा म्हणजे साडेबारा घनफूट, तीस-पस्तीस घमेली. सहा बाय चार फुटांच्या हौद्यात तो जेमतेम अर्धा फूट भरतो. भरणाऱ्या माणसांना ते कमी वाटतं आणि फावडं चालूच राहतं. हौद्याच्या आतल्या बाजूला अर्ध्या फुटावर ऑइलपेंटची पांढरी रेघ मारून टाकली, म्हणजे सांगायची गरज उरत नाही. शेणखत मुरमाच्या निम्म्याहून हलकं, त्याला एक फुटाची रेघ. दगडांना रेघ लावता येत नाही. तळाला एकच थर, एकमेकांना घट्ट भिडवून.

दोन चाकी ट्रॉलीत माल ॲक्सलच्या थोडा पुढं झुकता असावा, म्हणजे ट्रॉलीचं काही वजन ड्रॉबारवर (ट्रॅक्टरमागच्या, ट्रॉली जोडायच्या खालच्या पट्टीवर) आणि पर्यायानं मागच्या चाकांवर पडतं. चढावर मात्र हे बदलतं. माल ॲक्सलपासून जितका उंच, तितकं त्याचं वजन चढावर मागं सरकतं. एक मीटर उंचीला १५ टक्के चढावर १५ सेंटिमीटर. माल उंच आणि मागं रचला असेल तर ट्रॉलीचा दांडा ड्रॉबारला वर उचलायला लागतो, मागची चाकं हलकी होतात आणि जागीच गरगरतात. पुष्कळ ड्रायव्हर याला ट्रॅक्टर कमी पडला म्हणतात. दगड पुढच्या फाळक्याकडं, खाली रचले की तोच ट्रॅक्टर चढतो. चढताना बकेटमध्येही पाच-सहा घमेली मुरूम ठेवून ती वीतभर उंचीवर धरली, म्हणजे पुढची चाकं जमिनीला राहतात. उतरताना बकेट रिकामी.

ट्रॉली फक्त ड्रॉबारला. टॉप लिंकच्या (थ्री-पॉइंटच्या वरच्या दांड्याच्या) जागी, ॲक्सलला किंवा वर कुठं साखळी बांधून ओढणं म्हणजे ट्रॅक्टर स्वतःच्याच मागच्या चाकांभोवती उलटा करणं. रुतलेली ट्रॉली किंवा झाडाचा बुंधा काढताना हे हमखास केलं जातं. पिनला क्लिप, शिवाय दांड्यापासून ट्रॅक्टरच्या सांगाड्याला एक सेफ्टी साखळी.

उतरायच्या आधी वर सपाटीवर थांबून लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर, फोरव्हील, आणि दोन्ही ब्रेकचे पेडल एकमेकांना जोडणारी पट्टी लागली आहे का ते पाहायचं. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरची ही पट्टी बहुतेक वेळा सुटलेली असते, कारण नांगरताना एकेक ब्रेक मारून वळवतात. उतारावर एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर जागेवर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. एकदा उतरायला लागल्यावर क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून सोडणं तर विषाची परीक्षा. ज्या गिअरला चढलो त्याच गिअरला उतरायचं.

तरीही चाकं घसरायला लागली तर पाय आपोआप ब्रेकवर जोरात जातो. नेमकं ते टाळायचं. ब्रेक सैल सोडायचा, ॲक्सिलेटर किंचित वाढवायचा म्हणजे चाकं पुन्हा फिरायला लागून पकड येते, स्टिअरिंग सरळ खाली आणि बकेट जमिनीला टेकवायची. ट्रॉली मागून वळून कैची व्हायला लागली तरी हेच. पुढं ओढूनच ती सरळ होते.

चढावर इंजिन बंद पडलं तर क्लचला हात-पाय न लावता दोन्ही ब्रेक, मग हँडब्रेक. मदतनीस ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना खालून उटी (अडण) लावतो. तो नेहमी वरच्या अंगाला उभा राहील, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कधीच शिरणार नाही, आणि उटी कडेनं लांब दांड्यानं सरकवेल. लाकडाची तिरकी पाचर दोरी बांधून ट्रॉलीलाच अडकवून ठेवली होती, ऐनवेळी दगड शोधावा लागत नाही. मग तिथंच निम्मा माल उतरवायचा आणि नंतर चालू करायचं. भरलेली ट्रॉली घेऊन रिव्हर्सनं खाली येण्याचा प्रयत्न करू नका. पुन्हा निघताना क्लच झटक्यात सोडला तर पुढची चाकं उचलतात. उचलली की लगेच क्लच दाबायचा, दुसरं काही नाही.

डंपिंग करताना ट्रॉलीची दोन्ही चाकं एका लेव्हलला हवीत. हौदा वर जातो तसा माल उंचावतो, आणि ओली तांबडी माती पुढच्या कोपऱ्यात चिकटून बसते. एका बाजूनं माती घसरली, दुसऱ्या बाजूची चिकटून राहिली, की हौदा त्या बाजूला पडतो आणि ट्रॅक्टरचं मागचं चाकही उचलतो. चिकटलेली माती सोडवायला ट्रॅक्टर पुढं-मागं झटकू नये. हौदा खाली आणून फावड्यानं काढावी. उचललेल्या हौद्याखाली काम असेल तर आधी टेकू. नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून खाली डोकं घालू नये.

सकाळी दहिवरानं गवत ओलं असतं, तेव्हा गवताळ उतारावर दहाच्या आधी चाक घातलं नाही. वळवाचा एक शिडकावा झाला तरी काम थांबवलं. मूठभर माती दाबून गोळा झाला आणि सोडल्यावर बोटांना चिकटून राहिला तर त्या दिवशी वापसा नाही. उलट एप्रिलमध्ये कातळावर पसरलेला बारीक, कोरडा मुरूमही तितकाच वाईट, चाकाखाली तो ज्वारीच्या दाण्यांसारखा पळतो. त्यावर पाणी मारून दाबून घेतल्याशिवाय ट्रॉली नको.

खड्ड्यांना १२ इंची ऑगर, म्हणजे खड्डे काढायच्या यंत्राचा स्क्रूसारखा गिरमिट, लावला. काजूला ६० सेंटिमीटरचा चौरस खड्डा लागतो, आंब्याला एक मीटरचा. छोट्या ट्रॅक्टरवर दोन फुटी ऑगर फिरवण्याच्या भानगडीत पडू नका. खड्ड्याच्या चार कोपऱ्यांना १२ इंची भोकं पाडली की मधला मुरूम टिकावानं पटापट निघतो.

उतारावर वजनदार बाजू वर ठेवायची. ऑगर मागं असतो, म्हणून ट्रॅक्टर रिव्हर्सनं सरळ वर नेला, तोंड उताराकडं ठेवलं आणि ओळीतल्या सगळ्यात वरच्या खड्ड्यापासून सुरुवात करून खाली खाली आलो. असं केलं की काढलेले खड्डे मागं, वरच्या अंगाला राहतात, चाकांच्या वाटेत येत नाहीत. लोडरला नियम तोच, दिशा उलटी: भरलेली बकेट घेऊन चढताना तोंड वर, आणि उतरायचंच असेल तर रिव्हर्सनं खाली.

एका दमात ऑगर पूर्ण खोल घालायचा नाही. वीतभर जायचं, वर उचलून माती झाडायची, पुन्हा वीतभर. इंजिन मंद ठेवायचं. सलग घातला तर तो स्क्रूसारखा मुरमात जाऊन बसतो. अडकलेला ऑगर हायड्रॉलिकनं उपसायला गेलं की लिफ्ट वर येण्याऐवजी ट्रॅक्टरची मागची बाजू खाली दबते आणि पुढची हलकी होते. शिअर बोल्ट (जास्त जोर आला की आधी तुटावा म्हणून मुद्दाम कमकुवत ठेवलेला बोल्ट) तुटला तर त्यानं आपलं काम केलं. त्याच्या जागी हाय-टेन्साइल बोल्ट ठोकला तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटेल. अडकल्यावर पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरमागचा शाफ्ट) बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, शिअर बोल्ट काढून घ्यायचा आणि मोठ्या पाइप पान्यानं ऑगर हातानं उलटा फिरवत काढायचा. दोन-तीन फेऱ्यांत सैल होतो.

पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरतो म्हणजे सेकंदाला ९ फेरे. सदऱ्याची बाही, उपरणं, पदर, ओढणी, काहीही गुंतलं तर ओढून घ्यायला एक सेकंदही लागत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं नळकांडं तुटलं असेल तर नवं बसवल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. ऑगर जमिनीत नीट धरावा म्हणून त्याच्या चौकटीवर माणूस उभा करतात. तेवढ्यावरच कामं थांबवावीत इतकं ते धोक्याचं आहे. ऑगर फिरत असताना तीन मीटरच्या आत कुणी नाही. निघालेली माती खड्ड्याच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखी लावून ठेवायची, तीच पुढं पाणी अडवणारी आळी होते.

जेवायला थांबतानाही ट्रॅक्टर सपाटीवरच लावायचा. नाइलाजानं उतारावर लावला तर बकेट आणि मागचं अवजार जमिनीला टेकवून, हँडब्रेक ओढून, लो रेंजला गिअरमध्ये आणि चाकांना खालून उटी. इंजिन ऑइल सपाटीवर मोजून वरच्या खुणेपर्यंत ठेवायचं. कमी असेल तर उभ्या चढावर ऑइल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो.

२७ टक्क्यांच्या वरचा जो पट्टा राहिला, तिथं मुरूम आणि खत वरच्या सपाटीवर उतरवून घमेल्यांनी खाली आणलं. खड्डे टिकाव-पहारीनं. मजुरी जास्त लागते, ती धरूनच खर्चाचा अंदाज करा.

वाटेच्या भरावावर जूनच्या पहिल्या पावसाला वाळ्याची ठोंबं लावली, ओळीत दहा ते पंधरा सेंटिमीटरवर एक. पावसाळाभर वाट ट्रॅक्टरला बंद. दिवाळीनंतर सुतळीच्या बाहेर भरावात पहार टोचून पाहायची. वीतभर सहज आत गेली तर सुतळी आहे तिथंच राहील. चर गाळानं भरले असतील तर ते आधी मोकळे करायचे, आणि पुन्हा मीटरची पट्टी घेऊन दर दहा पावलांवर उतार मोजायचा, कारण पाण्यानं जिथं मुरूम नेला तिथं १२ टक्क्यांचे १८ झालेले असतात.